सातव्या सामन्याआधी घोटा बांधताना

बैस टेबलावर, ल्यूशस. पाय दे.
आधी डावा. अकरा वर्षांची रीत,
आज मोडायचा दिवस नव्हे.

हा घोटा मी तुझ्या आईपेक्षा जास्त वेळा हातात घेतलाय.
हाडाखालची ही सूज डेन्व्हरची.
ही शिवण त्या वर्षीची,
पहिल्याच फेरीत गारद झालो होतो आपण
आणि तू विमानात चार तास
बंद खिडकीकडे बघत बसलास.

ऑक्टोबर ते एप्रिल बरं असतं.
ब्याऐंशी सामने. मंगळवारी हरलेलं
गुरुवारी भरून निघतं.
मे महिना उधार देत नाही.
समोरचा तुला पाठ करून येतो:
उजवीकडे दोन पावलं, खांदा खाली,
मग मागे झुकून उडी.
तुझी सहीच ती.
आता त्यांच्या राखीव पोरालाही
हुबेहूब करता येते.

बाहेर अख्ख्या टोलेडोने देव पाण्यात घातलेत,
आणि इथलं पाणी म्हणजे मॉमी नदी,
गढूळ, मे महिन्यातही थंडगार.
काचेचे कारखाने गेले, भट्ट्या विझल्या,
तरी लोक स्वतःला काचेचं शहर म्हणवतात.
मी हसायचो. आता हसत नाही.
रोज संध्याकाळी हा घोटा गुंडाळतो ना,
कळतं काय म्हणायचंय त्यांना.

डोलोरेस पॉपकॉर्नचं यंत्र पुसतेय.
आज जिंकलात तर तिला निदान दोन रात्री जास्त काम,
म्हणजे नातवाच्या दातांची तार.
हरलात तर ऑक्टोबरपर्यंत रामराम.
हे तिने तुला कधी सांगितलं नाही.
मलाही नाही. मी हिशेब केला.

जास्त आवळू? बोटं हलव.
मुंग्या आल्या तर सांग.
नाही सांगणार तू, माहीत आहे.

परवाचं बोलायचं नाही असं ठरलंय.
तरी सगळे तेच बोलतायत:
शेवटचे तीन सेकंद, तुझ्यावर दोघे,
आणि तू चेंडू दिलास कोपऱ्यात मोकळ्या उभ्या रेमीला.
बावीस वर्षांचा पोरगा.
चेंडू कड्यावर दोनदा फिरला,
जणू घर शोधतोय, आणि बाहेर पडला.
रेडिओवाले म्हणाले, तारा असता तर स्वतः मारला असता.
पेट्रोल पंपावर माझ्याकडून पैसे घेताना
एक बाई म्हणाली, तुम्ही त्याला काही सांगत का नाही?
मी? मी पट्ट्या बांधतो, बाई.

दार ढकलून रेमी आला.
चेहरा पांढरा, ओठांवर उलटीची चव,
रांगेत उभा राहिला, नजर फरशीवर.
आणि तू, एक पाय बांधलेला, एक उघडा,
टेबलावरून उतरलास.
म्हणालास, आधी याला घे, कॅझ.

अकरा वर्षांची रीत. मी कात्री धरून तसाच.

तो चढला. गुडघे थरथरत होते.
तू बाटलीचं झाकण उघडत, त्याच्याकडे न बघता बोललास:
"मोकळा असलास तर परत देणार.
तेव्हा मोकळा राहा."

बस, एवढंच. पाणी प्यायलास.
पाण्याचे थेंब हनुवटीवरून खाली,
पिकलेले चार केस दाढीत,
पहिल्यांदा दिसले मला.

छत हलायला लागलंय. वर अठरा हजार पाय.
तुझा उजवा बांधतोय मी आता,
घाईत, हात जरा ओले.
तू फडताळाकडे बघतोस:
एवढेच रोल उरलेत?
पुढची पेटी मागवली नाहीस?

नाही मागवली. नजर लागते, म्हणतात.

मागव, म्हणालास,
आणि जाता जाता दाराची चौकट
नेहमीसारखी दोन बोटांनी शिवलीस.

मी फोन उचललाय.
दुकानदार विचारतोय, किती?